गोंगाटातली सम : 'ऑबझेन' ऐकण्याचा एक पाठ



गेल्या शिक्षक-पालक बैठकीत एक तक्रार आली. उच्च माध्यमिकची काही मुले मधल्या सुट्टीत मोबाईलवर 'किंचाळण्याचे संगीत' ऐकतात, संगीत कक्षातला ड्रमसेट त्याच कामासाठी मागतात, आणि वार्षिकोत्सवात तेच वाजवू म्हणतात. ड्रमसेट कुलुपात ठेवावा किंवा सरळ विकून टाकावा, अशी काही पालकांची सूचना आहे. विश्वस्त मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा विषय येणार आहे. निर्णय मंडळाचा. पण ज्या वस्तूवर निर्णय द्यायचा ती आधी ऐकावी, या विचाराने आम्ही मुलांकडून तो अल्बम मागून घेतला आणि तबल्याच्या सरांबरोबर बसून तीन वेळा पूर्ण ऐकला. काय ऐकले, ते या पाठात मांडत आहोत.

अल्बमचे नाव 'ऑबझेन'. वाद्यवृंदाचे नाव मेशुगा. हा शब्द यिद्दिश भाषेतला असून त्याचा अर्थ 'वेडा' असा होतो. उत्तर स्वीडनमधल्या उमिओ या गावी १९८७ साली ही मंडळी एकत्र आली. 'ऑबझेन' मार्च २००८ मध्ये निघाला. त्यात नऊ गाणी असून एकूण वेळ सुमारे ५२ मिनिटे आहे. गायन येन्स किडमन यांचे, गिटार फ्रेड्रिक थोर्डेंडाल आणि मॉर्टन हागस्ट्रोम यांचे, बेस गिटार डिक लव्हग्रेन यांचे आणि ड्रम टोमास हाके यांचे. नावात श्लेष आहे. 'ऑबसीन' म्हणजे बीभत्स आणि 'झेन' म्हणजे ध्यानाची शांती, हे दोन शब्द एकमेकांत घुसवले आहेत. मुखपृष्ठावर ध्यानमुद्रेत बसलेली रक्ताने माखलेली आकृती आहे. ते चित्र पाहून आया घाबरल्या असतील तर त्यांना दोष देता येणार नाही. चित्र घाबरवण्यासाठीच काढलेले आहे.

पहिल्या ऐकण्यात आम्हाला काय मिळाले? खरे सांगायचे तर डोकेदुखी. कारखान्यात एखादे मोठे यंत्र चालावे तसा एक घर्षणाचा आवाज आणि त्यावर एक माणूस संतापून ओरडतो आहे, एवढेच कळत होते. दुसऱ्या वेळी तबल्याच्या सरांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी डोळे मिटले आणि मांडीवर हाताने ताल धरला. तिसरे गाणे चालू होते. दोन-तीन मिनिटांनी ते म्हणाले, "चार-चार-चार-चारच आहे. हात सरळ चालला आहे. वेडेपणा पायात आहे." या पाठाची किल्ली हीच आहे. आता तिने कुलूप उघडून पाहू.

आधी ठोक्यांविषयी. तीनतालाचा ठेका तबल्याच्या पहिल्या वर्षाच्या मुलांनासुद्धा पाठ असतो : धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा. सोळा मात्रा, चार-चारचे चार विभाग. टाळी पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर, खाली नवव्या मात्रेवर. पाश्चात्त्य संगीतात ज्याला चार ठोक्यांचा एक घर म्हणता येईल, त्यातही प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले की सोळाच होतात. म्हणून त्यांचे एक घर म्हणजे आपले द्रुत तीनतालाचे एक आवर्तन, असे या पाठापुरते धरू.

तिसऱ्या गाण्याचे नाव 'ब्लीड'. त्याची लय मिनिटाला सुमारे ११५ ठोके आहे. म्हणजे सोळा मात्रांचे एक आवर्तन दोन सेकंदांच्या थोडे वर संपते. हाके यांचा हात झांजेवर प्रत्येक विभागाच्या आरंभी एक एक आघात करतो, अगदी घड्याळासारखा. दुसरा हात प्रत्येक आवर्तनात एकदाच छोट्या ढोलावर पडतो, तोही नवव्या मात्रेवर. गंमत पाहा. आपल्याकडे जिथे खाली असते, हात उघडा दाखवतात आणि बायाँचा घुमारा काढून घेतात, तिथेच त्यांचा सगळ्यात मोठा आघात येतो. पण जागा तीच. आवर्तन मध्यावर दुभंगून ऐकणाऱ्याला 'तू आता कुठे आहेस' हे सांगणे, हे काम दोन्हीकडे तिथेच होते.

हे झाले हातांचे. पाय मात्र वेगळाच हिशेब करत असतात. ड्रमसेटच्या मोठ्या ढोलाला दोन पॅडल लावलेले असतात, प्रत्येक पायाला एक. 'ब्लीड'मध्ये दोन्ही पायांनी मिळून एक छोटा तुकडा वाजतो : एका मात्रेत दोन झटपट आघात, मग एकेका मात्रेचे दोन आघात. आपल्या बोलांत म्हणायचे तर 'तिट धा गे'. 'तिट' एका मात्रेत, 'धा' एका मात्रेत, 'गे' एका मात्रेत. आघात चार, मात्रा तीन. हा तुकडा न थांबता पुन्हा पुन्हा चालतो. गाण्यात मध्येमध्ये त्याची लांबी बदलतात, पण पाठासाठी मूळ तुकडाच घेऊ.

तीन मात्रांचा तुकडा सोळा मात्रांच्या तालावर ठेवला तर काय होईल? कक्षा पाचवीच्या मुलालाही सांगता येईल की सोळाला तीनाने भाग जात नाही, एक उरतो. पहिल्या आवर्तनात तुकडा सुरू होण्याच्या जागा येतात १, ४, ७, १०, १३ आणि १६. सोळाव्या मात्रेवर सुरू झालेला तुकडा समेच्या पलीकडे सांडतो. म्हणून दुसऱ्या आवर्तनात त्या जागा होतात ३, ६, ९, १२, १५. तिसऱ्यात २, ५, ८, ११, १४. आणि चौथ्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर तुकडा आणि सम पुन्हा भेटतात. तुकडा सोळा वेळा, ताल तीन वेळा, एकूण ४८ मात्रा. गणिताच्या तासाला हाच प्रकार लसावि म्हणून शिकवला जातो आणि मुले विचारतात की याचा उपयोग काय.

आता हे करून पाहावे. दोन मुलांनी समोरासमोर बसावे. एकाने तीनतालाची टाळी-खाली द्यावी, अगदी सावकाश. दुसऱ्याने 'तिट धा गे' म्हणत राहावे, कुठेही न थांबता. तीन आवर्तनांनंतर दोघे समेवर भेटले पाहिजेत. आम्ही कक्षा ११ वीत हा प्रयोग केला. बहुतेक जोड्या दुसऱ्या आवर्तनातच अडखळल्या, आणि अडखळणारा बहुधा बोल म्हणणारा नव्हता, टाळी देणारा होता. शेजारच्याचा तुकडा इतका आग्रही असतो की टाळीचा हात नकळत त्याच्याकडे ओढला जातो. मग जागा बदलून केले, तरी तेच. अखेर सरांनी सगळ्यांना उभे केले, पायाने टाळीच्या जागा चालायला लावल्या आणि तोंडाने बोल म्हणायला लावले. तेव्हा कुठे चार मुलांना जमले. त्या चौघांतले दोघे तेच, ज्यांची तक्रार झाली होती.

एका शरीरात हे दोन हिशेब ठेवायचे, तेही सेकंदाला सुमारे दहा आघातांच्या वेगाने आणि सात मिनिटांहून अधिक लांबीच्या गाण्यात. 'तिट'मधल्या दोन आघातांमधले अंतर सेकंदाच्या सुमारे ६५ सहस्रांश भरते. या आधीचा मेशुगाचा अल्बम २००५ चा होता, आणि त्यात ड्रम संगणकावर रचलेले होते. हाके यांच्याच ढोलांचे आवाज घेऊन ठोके मात्र यंत्राने मांडले होते. 'ऑबझेन'मध्ये ते स्वतः पुन्हा बसले. 'ब्लीड' या एका गाण्याच्या सरावाला बाकीच्या सगळ्या गाण्यांना मिळून लागला तितका वेळ लागला, असे त्यांनी सांगितले आहे. ते तेव्हा नवशिके नव्हते. या वाद्यवृंदात त्यांना बरीच वर्षे झाली होती. तरीही पायांची जुनी पद्धत पुरेना म्हणून नवी बसवावी लागली. आमच्या तबला वर्गात कायद्याचे पलटे तिसऱ्या दिवशी कंटाळवाणे वाटू लागतात, त्या मुलांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

इथे आपल्या परंपरेशी एक फरक आहे, तो लपवणे योग्य होणार नाही. तबल्यात तिहाई असते. एकच तुकडा तीन वेळा वाजवून शेवटचा 'धा' समेवर आणायचा. पाच मात्रांचा तुकडा, मग एक मात्रा दम, असे पहिल्या मात्रेपासून केले तर तीन तुकडे पंधरा आणि दोन दम मिळून सतरा मात्रा होतात, आणि सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम. कलावंत हिशेबाने समेवर येतो आणि ऐकणारे 'वाहवा' म्हणतात. मेशुगाची रीत बहुधा वेगळी आहे. ते तीनचा, पाचचा किंवा आणखी विचित्र लांबीचा तुकडा तालावरून घसरू देतात, आणि चार किंवा आठ आवर्तने झाली की तुकडा जिथे असेल तिथे कापून पुन्हा समेपासून सुरू करतात. तबल्याच्या सरांना ही कापाकापी आवडली नाही. "ही मजल मारून येणे नाही, दोर कापून उतरणे आहे," असे ते म्हणाले. आम्हाला मात्र वाटते की कापल्यामुळे समेचा धक्का बसतो आणि तो त्यांना हवाच आहे. शिवाय आपल्याकडे तिहाई उत्स्फूर्तही येते. इथे उत्स्फूर्त असे जवळजवळ काही नाही. सगळे आधी ठरवलेले, पाठ केलेले, आणि पाचही जणांचे एकमेकांशी केसाइतके जुळलेले.

तबल्याच्या एकल वादनात सारंगी किंवा हार्मोनियमवर लेहरा चालतो, तो तबलजी कितीही भटकला तरी आवर्तन धरून ठेवतो. 'ऑबझेन'मध्ये लेहऱ्याचे काम ती झांज करते. हे एकदा कळले की कान झांजेवर ठेवावा आणि बाकीचे सगळे तिच्याभोवती फिरू द्यावे. आम्हाला तिसऱ्या वेळी डोकेदुखी झाली नाही, त्याचे कारण हेच. आपल्या इंदूरला ही गोष्ट नवी वाटू नये. नाना पानसे यांच्यासारखे पखवाजी होळकरांच्या या नगरीत होऊन गेले, आणि उस्ताद अमीर खाँ साहेबांचा अतिविलंबित झूमरा ऐकताना चौदा मात्रा कुठे संपल्या हे भल्याभल्यांना सापडत नसे. तिथे मात्रा इतक्या लांब होतात की सम हरवते, इथे आघात इतके दाट होतात की सम हरवते. दोन्हीकडे ऐकणाऱ्याला स्वतःचा हात चालवावा लागतो.

आता नादाविषयी, म्हणजे तो जो यंत्रासारखा आवाज आहे त्याविषयी. इथे थोडे भौतिकशास्त्र लागेल. आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे ज्याला 'आवृत्ति' म्हणत, त्याला मराठी पुस्तके 'वारंवारता' म्हणतात. सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, एवढे लक्षात ठेवावे.

साध्या गिटारला सहा तारा असतात. सगळ्यात जाड तारेची वारंवारता सुमारे ८२ हर्ट्झ. मेशुगा आठ तारांची गिटार वापरतात आणि तिची सर्वांत जाड तार सुमारे ४४ हर्ट्झवर लावतात, जवळजवळ बेस गिटारच्या खर्जापर्यंत. एवढ्या खालच्या नादाची हवेतली तरंगलांबी पावणेआठ मीटरच्या आसपास जाते. हे एका दिवसात आले नाही. २००२ च्या अल्बमसाठी अशी गिटार बनवून घेतली होती, पण ती सुरात राहीना, म्हणून सात तारांच्या गिटारी उतरवून काम भागवले. पुढे २००६ मध्ये त्या अल्बमची गिटार आठ तारांवर पुन्हा वाजवून तो परत काढला.

तार उतरवण्याची ही रीत आणखी जुनी आहे, आणि तिची गोष्ट मुलांनी ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमला टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात काम करत होता. यंत्रात सापडून त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके तुटली. तो डावखुरा असल्याने तारा दाबण्याचा हात तोच. त्याने बोटांना घरी बनवलेल्या टोप्या चढवल्या, बारीक तारा लावल्या, आणि पुढे त्या तारा सैल करून सूर खाली उतरवला. सैल तार दाबायला सोपी जाते. त्याच्या ब्लॅक सॅबथ या वाद्यवृंदाचा पहिला अल्बम १९७० चा, आणि १९७१ च्या अल्बमपासून तो उतरलेला जड नाद स्पष्ट ऐकू येतो. सगळे हेवी मेटल संगीत त्या नादाचे वंशज आहे.

आता तो घासल्यासारखा आवाज. गिटारचा विद्युत-संकेत इतका वाढवतात की त्याच्या लाटेचे माथे सपाट कापले जातात. लाट कापली की मूळ स्वराबरोबर त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट वारंवारतेचे उपस्वर जोरात उमटतात. हे ऐकून कोणाला तानपुरा आठवला तर तो विद्यार्थी हुशार आहे. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढतात, तेव्हाही तार घोडीच्या पसरट पाठीला घासत राहते आणि उपस्वरांचा झोत उठतो. पद्धत वेगळी, परिणामही वेगळा, पण दोन्हीकडे हवे आहे ते एकच : एका तारेतून अनेक स्वर. मोबाईलच्या एवढ्याशा भोंग्यातून ४४ हर्ट्झ निघणे शक्य नाही, तरी मुलांना तो खर्ज ऐकू येतो. ८८, १३२, १७६ हे उपस्वर ऐकून कान न वाजलेला पाया स्वतःच भरून काढतो.

या कापलेल्या नादात दोन स्वर एकत्र वाजवले तर त्यांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वरही तयार होतात. सा ८८ आणि प १३२ घ्या. वजाबाकी ४४, म्हणजे खालचा सा. पाया आणखी भक्कम झाला. आता सा ८८ आणि शुद्ध ग ११० घ्या. वजाबाकी २२, म्हणजे ऐकू येण्याच्या सीमेवरची गुरगुर. बेरीज १९८, म्हणजे वरच्या सप्तकातला रे, जो कोणी मागितला नव्हता. म्हणून जड गिटारवर सा-प गोड लागतो आणि सा-ग गढूळ होतो. मेटल संगीतात षड्ज-पंचमाची जोडी इतकी का सापडते, याचे एक कारण हे आहे. आपल्या तानपुऱ्याची पंचमात लावलेली तारही आठवावी.

आणखी एक बारकावा कानाने टिपण्यासारखा आहे. वाजवणाऱ्या हाताची कड घोडीजवळ तारांवर हलकेच टेकवतात, त्यामुळे स्वर उमटताच दबतो. तबल्यात 'तिट' हा बंद बोल आणि 'धा' हा खुला बोल, तसाच हा फरक. या बंद आघाताच्या आवाजावरूनच पुढे या धर्तीच्या संगीताला 'जेंट' असे अनुकरणवाचक नाव पडले. जसे आपण 'ठणठणाट' म्हणतो. गिटारचा बंद आघात आणि पायाच्या ढोलाचा आघात एकाच क्षणी पडतात. ढोल धार देतो, गिटार स्वर देते. दोन वाद्ये आहेत हे विसरायला होते, आणि यंत्र चालल्याचा भास त्यामुळेच होतो.

स्वरांच्या दृष्टीने पाहिले तर सामग्री थोडी आहे. अर्ध्या स्वराच्या अंतरावरची ये-जा, मोजके स्वर, राग म्हणावा असे काही नाही. थोर्डेंडाल यांचे एकल वादन अपवाद. त्यात तार पुन्हा पुन्हा न छेडता बोटांनीच स्वर ओघळत जातात, जॅझमधल्या अ‍ॅलन होल्ड्सवर्थ यांच्या वादनाची आठवण अनेकांना होते. 'ब्लीड'च्या उत्तरार्धात ढोल थांबतात आणि गिटार एकटी, हळू, जवळजवळ करुण वाजते. त्या थोड्या वेळात आम्हाला कळले की उरलेला काळ आपण श्वास धरून बसलो होतो. सगळी गाणी या तोडीची नाहीत, हेही सांगितले पाहिजे. पहिले गाणे त्या मानाने सरळ आणि वेगवान आहे, शेवटचे साडेनऊ मिनिटांचे गाणे संपेपर्यंत आमचा धीर दोनदा सुटला.

किडमन यांच्या आवाजाविषयी पालकांनी विशेष विचारले होते. यात स्वर जवळजवळ नाही, उच्चार आणि लय आहे. गायक इथे जणू पाचवे तालवाद्य आहे. अशा खरखरीत आवाजासाठी खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या घड्यांचाही उपयोग केला जातो. शिक्षणाशिवाय, केवळ गळ्याला ताण देऊन मुलांनी याची नक्कल करू नये, आवाज बसेल आणि बसलेला लवकर उठणार नाही. गाण्यांचे शब्द बहुतांशी हाके यांचे आहेत. इंग्रजीत असून काळोखे आहेत. माध्यमिकच्या खालच्या वर्गांना ते ऐकवण्याचा आमचा विचार नाही.

उरला प्रश्न कानांचा. तक्रारीत हा मुद्दा नव्हता, पण आमच्या मते खरी काळजी याचीच करावी. आवाजाची पातळी दर तीन डेसिबलनी वाढली की कानात जाणारी ऊर्जा दुप्पट होते. कारखान्यातल्या कामगारांसाठी ८५ डेसिबल आठ तास ही मर्यादा अनेक ठिकाणी वापरतात. त्या हिशेबाने ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास. मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मानकात ७५ डेसिबल, आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सुचवली आहे. या अल्बममध्ये चढ-उतार फार कमी आहेत, हलके आवाज वर उचलून सगळे एका उंचीवर आणलेले आहे. ख्यालाच्या ध्वनिमुद्रणात गायक क्षणभर वर जातो आणि पुन्हा खाली येतो. म्हणून मोबाईलची कळ तेवढीच ठेवली तरी 'ऑबझेन' ऐकताना कानाला सरासरी कितीतरी जास्त मार बसतो. हा दोष एकट्या मेशुगाचा नाही. त्याच २००८ साली मेटॅलिकाच्या 'डेथ मॅग्नेटिक'वर त्यांच्याच चाहत्यांनी याच कारणासाठी तक्रार केली होती आणि तो पुन्हा मिसळून द्या म्हणून मागणी केली होती. कळ निम्म्यावर, आणि अर्ध्या तासानंतर कानाला विश्रांती, एवढे घरोघरी पाळता येईल.

विश्वस्त मंडळापुढे आम्ही ठेवणार आहोत तो प्रस्ताव असा. ड्रमसेट विकू नये. तो दर शनिवारी शेवटच्या तासाला तबल्याच्या सरांच्या उपस्थितीत उघडावा. ढोलांवर कापड टाकावे. ज्याला ड्रमवर बसायचे आहे त्याने आधी तीनताल ठाय, दुगुण आणि चौगुणमध्ये हाताने टाळी देत म्हणून दाखवावा आणि 'तिट धा गे' तीन आवर्तने न चुकता निभवावे. वार्षिकोत्सवात 'ब्लीड' नको, कारण सभागृहाचे छत पत्र्याचे आहे आणि पहिल्या रांगेत आजी-आजोबा बसतात. त्याऐवजी मुलांनी तबला आणि ड्रम यांची तीन विरुद्ध सोळाची दहा मिनिटांची जुगलबंदी बसवावी. त्यांनी ते मान्य केले आहे, थोडे नाक मुरडून.

पुढच्या अंकापर्यंतचा स्वाध्याय : सोळा मात्रांच्या तालावर पाच मात्रांचा तुकडा न थांबता वाजवला, तर तो किती आवर्तनांनी पुन्हा समेवर येईल? दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या आवर्तनात तो कोणकोणत्या मात्रांवर सुरू होईल? आणि सातचा तुकडा घेतला तर? उत्तरे वहीत लिहून, टाळी देऊन पडताळून, संगीत कक्षाच्या पेटीत टाकावीत. नुसते गणित करून आणलेले उत्तर सर घेणार नाहीत, समोर बसून म्हणायला लावतील.